मडमचं दुसरं तोंड

याकोब मिस्त्री माणसाशी बोलायच्या आधी त्याचं डोकं मापायचे. हाताने नव्हे, नुसत्या डोळ्याने.

आम्ही श्रीरामपुरात बिऱ्हाड केलं त्या दिवशी मी हातगाडीवरून ट्रंका उतरवत होतो. शेजारच्या पायरीवर एक साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. त्याने मान तिरकी केली, एक डोळा मिटला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घरात तोंड करून बायकोला सांगितलं, "साडेसहा. बसंल."

माझं सामान त्या दोन खोल्यांत बसेल की नाही याची हा बिचारा काळजी करतोय, अशा समजुतीने मी नमस्कार केला. उलगडा चार दिवसांनी झाला. मिस्त्रींकडे लाकूड कातायचं एक जुनं लेथ मशीन होतं. त्यावर जास्तीत जास्त आठ इंच रुंदीची वस्तू फिरायची. त्याहून मोठी लावली की ती खालच्या लोखंडी बैठकीला अडायची. तेव्हा मिस्त्रींनी जगाचे सरळ दोन भाग केले होते. मशीनवर बसणाऱ्या वस्तू आणि न बसणाऱ्या वस्तू. बाजारातला भोपळा बसायचा नाही. कलिंगड बसायचं, पण हंगामाच्या सुरुवातीचंच. पाळकसाहेबांचं डोकं काठावर होतं. आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले तेव्हा मिस्त्रींनी त्यांना रस्त्यातच पाहून घेतलं आणि मला म्हणाले, "बसंल. पर आतून पोकळ निघंल, मास्तर."

पौर्णिमेचा चंद्र उगवताना बघून ते एकदा म्हणाले होते, "आठाच्या आत माझं, आठाच्या भाईर देवाचं." हे वाक्य त्यांच्या तोंडी रोज चारदा तरी यायचं. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं नाही, की तेच. आठाच्या भाईर देवाचं.

मशीनचं नाव होतं मडम. नगरला मिशनची एक सुतारशाळा होती, तिथे मिस्त्री पोरवयात याच मशीनवर काम शिकले. शाळा एका गोऱ्या मडमच्या ताब्यात होती. ती कमी बोलायची आणि हत्यार जमिनीवर दिसलं की हातातली छत्री आपटायची. शाळा बंद पडली, सामान विकायला निघालं, तेव्हा मिस्त्रींनी मशीन घेतलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. "ती मडम बोटीनं गेली, ही मडम गाडीनं आली," असं ते सांगायचे. मशीन पूर्वी पायाने चालायचं. मिस्त्रींनी त्याला एका मोडीत निघालेल्या कडबाकुट्टीची मोटर जोडली होती. सकाळी बटण दाबण्याआधी ते मशीनला हात लावून म्हणायचे, "उठा मडम." मडम एकदम उठायची नाही. आधी खोकायची, मग उठायची.

तिच्यावर पलंगाचे पाय व्हायचे, पाळण्याचे गोळे, ताकाच्या रव्या, भोवरे. आणि लाटणी. मिस्त्री नाताळात गल्लीतल्या प्रत्येक घरी एक लाटणं द्यायचे. आमच्याकडे जरा जास्त लोभ असावा. तिसऱ्या वर्षाअखेर आमच्या घरात अकरा लाटणी झाली होती. पोळपाट मात्र एकच, तोही बायकोच्या माहेराहून आलेला. कारण पोळपाट आठाच्या भाईर होता.

मिस्त्रींच्या बायकोचं नाव मार्थाबाई. त्या अंगणात सूप घेऊन बसायच्या आणि आत मशीनवर बसलेल्या नवऱ्याला दिवसभर काही ना काही सांगत राहायच्या. मिस्त्री "व्हय, व्हय" करायचे. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मार्थाबाई गेल्या. तीन दिवसांच्या तापाने गेल्या.

त्यानंतर महिनाभराने मशीनचा आवाज एकदम आमच्या भिंतीपाशी आला. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांची कामाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी तिथेच बसून भूमितीचे पेपर तपासायचो. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, मी म्हणालो की म्हातारा आता जरा जास्तच जोरात कातायला लागलाय. मग कानात कापूस घातला. भूमितीच्या मास्तराने याहून जास्त विचार केला नाही.

मोठं मशीन करायचं खूळ कुसुमच्या एका वाक्यातून निघालं. मिस्त्री बारावं लाटणं घेऊन आले होते. कुसुम परातीत भाकरीचं पीठ मळत होती. बोलता बोलता ती म्हणाली की अकोल्याकडे तिच्या आजीकडे एवढी मोठी लाकडाची काठवट होती की तिच्यात दोन पोरं आंघोळीला बसायची. तसलं पीठ पुन्हा कधी मळायला मिळालं नाही.

"केवढी हुती, वैनी?"

कुसुमने पिठाचे हात पसरून दाखवलं. मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली, तिच्या या हातापासून त्या हातापर्यंत धरली, गाठ मारली आणि निघून गेले. लाटणं द्यायचं राहूनच गेलं. ती सुतळी त्यांनी मडमच्या डोक्यावर खिळ्याला टांगली. सव्वीस इंच.

मी हसलो. म्हटलं, "मिस्त्री, हे तर देवाचं खातं."

ते म्हणाले, "म्हनून तर इचारतोय त्याला."

देवाने पहिलं उत्तर चुकीचं दिलं. मिस्त्रींनी लाकूड पकडणारी मशीनची दोन्ही डोकी उचलून त्यांच्याखाली बाभळीचे ठोकळे घातले, म्हणजे मधला आस वर जाईल आणि खाली जागा होईल. हिशोब बरोबर होता. त्रिज्या वाढली की व्यास दुप्पट वाढतो, हे मीच त्यांना पायरीवर खडूने काढून दाखवलं होतं आणि त्यांनी "हे आमाला मडमनी छत्री मारून शिकवलंय" म्हणून सांगितलं होतं. बटण दाबल्यावर मडम खोकली, उठली आणि चालायला लागली. खरोखरच चालायला लागली. उंच झालेली डोकी अशी हादरत होती की बोल्टसकट सगळं धूड इंचाइंचाने दाराकडे सरकत होतं. मिस्त्री तिच्या मागे मागे जात होते आणि "बसा मडम, बसा" म्हणत होते. तार ताणून मोटर आपोआप बंद पडली म्हणून, नाहीतर मडम त्या दिवशी स्टेशनापर्यंत गेली असती.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर मिस्त्री धुतलेल्या सदऱ्यातच आमच्याकडे आले. पाण्याचा तांब्या संपवला आणि म्हणाले, "मास्तर, मडमला दुसरं तोंड हाय."

त्यांनी मला नेऊन दाखवलं. मशीनच्या डोक्यातून जो दांडा जातो, त्याच्या एका टोकाला लाकूड लावतात. त्याचं दुसरं टोक मागच्या बाजूने बाहेर आलेलं असतं, रिकामंच. त्या टोकाखाली लोखंडी बैठक नसते. तिकडे लाकूड लावलं, तर थेट जमिनीपर्यंत मोकळी जागा. सव्वीस काय, चाळीस इंचाची वस्तूही फिरेल.

"मग लावा की," मी म्हणालो.

"भित मधी येती."

खरंच होतं. ते टोक आमच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं होतं. मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वीतभर भोक पाडलं तर दांडा तुमच्या घरात येतो. काठवट तुमच्याच घरात फिरंल. तशी ती तुमचीच हाय."

हे इतकं तर्कशुद्ध वाटलं की मी नाही म्हणूच शकलो नाही. कुसुमने तर लगेच भिंतीजवळचे डबे हलवले. घरमालक नेवाशाला राहायचे, महिन्यातून एकदा यायचे. त्यांना विचारलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, छप्पर तेवढं खाली आणू नका, बाकी काय वाटेल ते करा.

भोक पडलं. गावातल्या एका वर्कशॉपने दांड्याला लांबीचा तुकडा जोडून त्याच्या टोकाला आटे पाडून दिले. मिस्त्रींनी वखारीतून शिवणीच्या ओंडक्याचा आडवा कापलेला एक जाड गोल चकंदळ आणला. त्याच्या पाठीला लोखंडी तबकडी ठोकून, ती आट्यांवर फिरवून घट्ट बसवली. आता अशी व्यवस्था झाली की लाकूड आमच्या स्वयंपाकघरात आणि मोटरचं बटण त्यांच्या खोलीत. म्हणजे मिस्त्री पटाशी घेऊन माझ्या घरात उभे आणि मी बटणाला हात लावून त्यांच्या घरात उभा. मधे भोक. भोकातून हुकूम.

"मास्तर, सोडा."

मी बटण दाबलं. भोकाला डोळा लावला. चकंदळ झकास फिरायला लागला. मिस्त्रींनी पटाशी टेकवली. एक लांब, ओली ढलपी सुटली. आणि मग तो दोन फुटांचा चकंदळ आपणहून आट्यांवरून मोकळा झाला, जमिनीवर उतरला आणि निघाला.

तो कुसुमच्या पायाशी वळला, मधल्या दारातून बाहेरच्या खोलीत गेला, ओटीवरून दोन पायऱ्या उतरला आणि गल्लीला लागला. पिठाच्या गिरणीपुढे बायकांची रांग होती. रांग दुभंगली. मिस्त्री धावले नाहीत. हातात पटाशी धरून ते वरातीत चालावं तसे मागून चालत होते आणि दोन्ही बाजूंना सांगत होते, "येऊ द्या, येऊ द्या, माजीच हाय." एका म्हातारीने विचारलं, "बैल कुठंयत रं याचे?" चकंदळ शेवटी सायकलवाल्याच्या पंक्चर बघायच्या टबात जाऊन पडला.

झालं असं होतं, की जे आटे एका बाजूने पाहिलं तर लाकूड कापताना घट्ट होतात, तेच दुसऱ्या बाजूने पाहिलं तर सैल होतात. मला हे पटेना. मी दौतीचं झाकण समोर धरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवून पाहिलं. पटलं तेव्हा नववीचे अकरा पेपर निळे झाले होते. वर्कशॉपवाला उलटे आटे पाडायला तयार नव्हता. मिस्त्री दोन दिवस खाटेवर छताकडे बघत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले आणि मोटरच्या पट्ट्याला मधोमध आढी मारली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. पट्टा उलटला, दांडा उलटा फिरायला लागला, आणि लाकूड जितकं कापावं तितकं घट्ट बसायला लागलं. "आठानंच वाट दिली," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत. प्रत्येक वेळी ती मी टबापाशी, फार तर पट्ट्यापाशी संपवतो. लोक हसतात, मीही हसतो. पुढचं सांगत नाही. आता पन्नाशी उलटली. पुढचं सांगितलं पाहिजे.

माझी शाळा सकाळची. दुपारी दोनला मिस्त्री आमच्याकडे यायचे, मी त्यांच्याकडे जायचो. काम फार सावकाश चालायचं. मिस्त्री एक ढलपी काढायचे, थांबायचे, हात फिरवायचे, कुसुमला हात फिरवायला लावायचे. मग तिच्या आजीबद्दल विचारायचे. आजी कोणत्या हाताने मळायची? पाणी कधी घालायची? मी पलीकडे बटणाजवळ उभा राहून कंटाळायचो. चारला कुसुम स्टोव्हला पंप मारायची. तो आवाज आला की मिस्त्री म्हणायचे, "मडम, बसा." मी बटण बंद करायचो. मग चहा.

हळूहळू असं झालं की काठवटीचं काम नसलं तरी चारला पंपाचा आवाज ऐकून मिस्त्री पलीकडे मशीन थांबवायचे आणि कुसुम दांड्याच्या बाजूने भोकातून चहाचा पेला पलीकडे द्यायची. रिकामा पेला भोकातूनच परत यायचा, बरोबर एखादा भोवरा नाहीतर काही शेरा. "वैनी, आज आलं लई." कुसुम कामं करता करता भिंतीशी बोलायची. भिंत "व्हय, व्हय" करायची. काठवट बाहेरून पूर्ण झाली. आतून पोखरायची राहिली होती.

तेव्हा आई आली. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला राहुरीचे पाहुणे यायचे होते, आमच्याच घरी. आईने पहिल्या दिवशी चार वाजता तो पेला भोकातून जाताना पाहिला. परत येताना पाहिला. कुसुमने तो विसळून मांडणीत ठेवताना पाहिला. संध्याकाळी मला तो पेला खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा ठेवलेला दिसला.

मिस्त्रींचे आजोबा ख्रिस्ती होण्याआधी कोण होते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं. वर्गात मी त्याच्या उलटच बोलायचो, आणि बरं बोलायचो. पण पेला मी खिडकीतून उचलून मांडणीत ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "पाव्हण्यांनी विचारलं, भोकापलीकडं कोण राहतं, तर काय सांगशील?"

मिस्त्री त्या वेळी चर्चच्या मंडळीच्या सभेसाठी चार दिवस नगरला गेले होते. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले होते. त्याच किल्लीने मी त्यांचं दार उघडलं, दांड्याला जोडलेला लांबीचा तुकडा सोडवून काढला आणि काठवटीसकट त्यांच्या खोलीत ठेवला. मग आमच्या बाजूने भोकात विटा भरल्या, वरून गिलावा फासला. कुसुम शेजारच्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही, गवंडीकाम कसं झालंय ते बघायलाही आली नाही.

मिस्त्री परत आले, आपल्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी आधीच तयार ठेवलेलं वाक्य म्हणालो, "मालकांचा निरोप आला. भोक बुजवा म्हणाले."

मिस्त्रींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, एक डोळा मिटून. "व्हय का," ते म्हणाले. "वळंबा लावायचा हुता, मास्तर. विटा वाकड्या बसल्यात."

पाहुणे आले. ते स्वयंपाकघरात आलेच नाहीत. ओटीवर बसले, पोहे खाल्ले. मुलाचे वडील आमच्या पलंगाच्या पायांवरून हात फिरवत राहिले आणि हे कोणी कातलेत म्हणून विचारत राहिले. शेवटी उठून ते शेजारी गेले, मिस्त्रींच्या खाटेवर बसले, त्यांच्या माठातलं पाणी प्यायले आणि लग्नाच्या पलंगाची वर्दी देऊन आले. आईने तोंडाला पदर लावला. सोयरीक जमली.

त्यानंतर आठवड्याने घरमालक नेवाशाहून आले, दोन मित्रांना भिंतीतलं चाक दाखवायला घेऊन. चाक नाही, भोक नाही. ते मला अंगणात, सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजी, बुजवलं कशाला? मी काय म्हटलं होतं का बुजवा म्हणून?"

मी उभा राहिलो. मिस्त्री त्यांच्या पायरीवर पटाशीला धार लावत होते, चार हातांवर. सगळं ऐकू येत होतं. मान वर न करता ते म्हणाले, "म्याच सांगितलं मास्तरांना. भोकातून लई वारं यायचं. म्हातारा मानूस, सोसत न्हाई."

मालक त्यांच्यावर चिडले, मित्रांपुढे फजिती झाली म्हणून चार शब्द बोललेही. मिस्त्री धार लावत राहिले. मी घरात निघून गेलो. त्या संध्याकाळी जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. उद्या बोलू, असं ठरवलं. पुढची दोन वर्षं मी रोज तेच ठरवत होतो.

बहिणीचं लग्न झालं, त्याच्या नंतरच्या नाताळात मिस्त्री काठवट घेऊन पुढच्या दाराने आले. दोघांनी धरावी एवढी ती एकट्याने छातीशी धरून आणली होती. बाहेरून काचेसारखी गुळगुळीत, आणि आतून सगळी पटाशीच्या खुणांनी भरलेली. आतलं सगळं त्यांनी हाताने पोखरलं होतं, वर्षभर, थोडं थोडं.

"आतून जरा वबडधोबड झालीय, वैनी," ते म्हणाले. "मशीनवर घेता आलं न्हाई."

कुसुमने चहा विचारला. ते म्हणाले, आत्ताच घेतला.

पुढच्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. जामखेडहून भाचा न्यायला आला. एस.टी.त मी त्यांची वळकटी वर चढवून दिली. खिडकीशी उभा राहिलो. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "मडमला तेल घाला मधनंमधनं." मी हो म्हणालो. सहा महिन्यांनी भाच्याचं कार्ड आलं.

मशीन संगमनेरच्या एका सुताराने विकत घेतलं. ते उचलायला आला तेव्हा किल्ली घेऊन मी आणि कुसुम गेलो. त्याने बोल्ट सोडता सोडता भिंतीवरची विटांची खूण पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. मी त्याला नेहमीची गोष्ट सांगितली, टबापर्यंतची. तो हसला नाही. बैठकीकडे बघत राहिला.

"त्येला भित कशाला फोडायची?" तो म्हणाला. "मशीन उलटं ठिवायचं. डोकं अंगनाकडं केलं की मागं मोकळंच की. चार बोल्ट तर हायेत."

मग त्याने पायाने भुसा बाजूला केला. फरशीत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चार जुनी भोकं होती. लाकडाच्या गोल खुंट्या कातून नीट बुजवलेली. "हे बघा. आदी तसंच हुतं. मागनं कोनीतरी फिरवलंय भितीकडं."

मी कुसुमकडे पाहिलं. ती म्हणाली, "मार्थाबाई होत्या तोवर अंगणाकडेच होतं. त्या तिथे बसून बोलायच्या ना. त्या गेल्यावर त्यांनी आपल्या भिंतीकडे वळवलं. तुम्ही नाही का कापूस घातलात कानात?"

"तुला माहीत होतं? भोक पाडलं तेव्हाही?"

"मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. भूमिती शिकवता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" ती म्हणाली. "चहाच तर प्यायचे ते."

काठवट अजून आमच्याकडे आहे. तिच्यात पीठ मळताना कुसुमचा हात आतल्या खुणांवरून जातो आणि खरखर असा बारीक आवाज येतो. पण मला ऐकू येतात ती विटा लावल्यानंतरची दोन वर्षं. वीतभर भोक बुजलं होतं, पण वळंबा न लावता बसवलेल्या त्या विटांच्या फटींतून आवाज यायचाच. दुपारी चारला कुसुम स्टोव्हला पंप मारायची. पलीकडे मशीन थांबायचं. "मडम, बसा" असं कुणीतरी हळूच म्हणायचं. मग कपबशी वाजेपर्यंत, चहा होईपर्यंत, आणि तो संपेपर्यंत पलीकडे काहीही आवाज नसायचा. मी बशीत चहा ओतून घ्यायचो. तो गरम असायचा. पण ऐकू जाईल म्हणून मी त्याच्यावर फुंकर घालत नसे.